मैफलीची आठवण आणि अनपेक्षिताचे स्वरूप

गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी गद्यात मैफलींच्या आठवणींचा एक स्वतंत्र प्रवाह वाहत आला आहे. आत्मचरित्रे, गायकांची चरित्रे, स्मरणिका, दिवाळी अंकांतील लेख अशा अनेक रूपांनी तो वाढला. या लेखनाला साहित्य म्हणून काही मोल आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. या आठवणींचे वाचन करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांपैकी बहुतेक आठवणी 'अपेक्षा नसताना घडलेल्या' कशाभोवती तरी गुंफलेल्या असतात. गायक आजारी होता, तरी गायला. दिवे गेले, तरी मैफल चालू राहिली. अनोळखी मुलाला गावयास बसविले आणि जाणकार थक्क झाले. अशा वेळी अनपेक्षित नेमके काय होते, घटना की गाणे, हे विचारणे अगत्याचे ठरते.

हे दोन प्रकार वस्तुतः भिन्न आहेत. घटनेतील अनपेक्षिताला श्रोत्याची कोणतीच पूर्वतयारी लागत नाही. स्वरातील अनपेक्षिताचे तसे नाही. जेथे अपेक्षाच निर्माण झालेली नाही, तेथे अपेक्षाभंग संभवत नाही. ख्यालगायनात ही अपेक्षा दोन अंगांनी निर्माण होते. रागाचे चलन कोणता स्वर कोठून यावा याचे संकेत देते, आणि तालाचे आवर्तन श्रोत्याला समेकडे नेत असते. सम कोठे येणार हे सर्वांनाच ठाऊक असते; गायक तेथवर कोणत्या वाटेने पोहोचणार हे कोणालाच ठाऊक नसते. ही वाट ऐन वेळी वळावी, आणि सम गाठल्यावर मात्र दुसरी वाट असूच शकत नव्हती असे वाटावे, यातच ख्यालगायनातील विस्मयाचे मर्म आहे. अनपेक्षित आणि अपरिहार्य यांचा असा संयोग हेच त्याचे सौंदर्य होय.

हा भेद ध्यानी घेतल्यास आपल्या सर्वांत प्रसिद्ध आठवणीकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी भामिनीची भूमिका केली आणि प्रयोग पार पाडला. ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, आणि त्या रात्रीविषयी बहुधा एवढेच सांगितले जाते. त्या रात्री संगीतदृष्ट्या काय घडले हे त्या कथेत कोठेच येत नाही. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हापासून नाट्यपदांचे जे वळण रूढ झाले होते, त्यात साकी-दिंडीसारख्या परिचित चालींना मोठे स्थान होते. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. आणि त्यांत लखनौ-बनारसकडील ठुमरी-दादऱ्याचे लडिवाळ वळण मराठी नाट्यपदात उतरले. मराठी नाट्यसंगीताचा पुढचा मार्ग ज्याने बदलला, ते अनपेक्षित हे होते. आठवणीने मात्र शोकाची कथा जपली आणि चालींची क्रांती तज्ज्ञांच्या टिपणांत ढकलली.

या कथेची थोरवी नाकारण्याचा येथे मुळीच हेतू नाही. कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणून ती हृदयस्पर्शी आहे. परंतु तिचा उपयोग गायनाच्या मूल्यमापनासाठी होऊ लागला की घोटाळा होतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे भावाचा अनुभव स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणा विशिष्ट व्यक्तीच्या देशकालाशी बांधला जाणे. समोरचा गायक आज पुत्रशोकात किंवा कन्याशोकात आहे, या जाणिवेने जो श्रोता गहिवरतो, तो गाण्याने गहिवरला की वार्तेने, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. लौकिक दुःख आणि कलेतील करुण यांच्यामधील सीमारेषा येथे पुसली जाते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कलावंताचे आयुष्य त्याच्या कलेपासून तोडता येत नाही. आक्षेप खरा आहे. पण तोच आपल्याला कसोटीपर्यंत घेऊन जातो. जयपूरजवळच्या उनियारा येथे जन्मलेल्या अल्लादियाखाँ यांचा आवाज तरुणपणी अतिरिक्त गाण्यामुळे गेला, आणि तो परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. हीसुद्धा घटनाच आहे. परंतु त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडविली. लयीच्या अंगाने अखंड विणत जाणारी तान, अनवट आणि जोडरागांची ओढ, आवर्तनाच्या पोटात शिरून समेवर येण्याची बिकट पद्धत ही तिची लक्षणे. ही गायकी पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आणि नंतर मुंबईत बहरली. नाव जयपूरचे आणि भरभराट महाराष्ट्रात, असा तिचा इतिहास आहे. येथे आपत्ती ही चरित्रातील एक ओळ न राहता गायकीच्या घडणीत शिरली. तेव्हा कसोटी अशी ठरते : घटना स्वरात उतरली आहे काय? उतरली असेल तर ती संगीतविचाराचा भाग होय. नसेल तर ती केवळ कथा.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत तर दोन्ही प्रकार एकाच आयुष्यात भेटतात. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बा. र. देवधर यांनी भरविलेल्या संगीत परिषदेत बारा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलाने श्रोत्यांना स्तिमित केले. थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे गाणे जसेच्या तसे गळ्यात उतरविण्याची त्याची शक्ती विलक्षण होती; पण त्या विस्मयाचा मोठा वाटा वयाकडे जातो. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर १९५०च्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा जे ऐकू आले त्याने जाणकारांत दोन तट पडले. छोट्या, तुटक स्वरवाक्यांची रचना, माळव्याच्या लोकधुनांतून काढलेले राग, ख्यालाच्या रूढ विस्तारक्रमाकडे पाठ, हे अनपेक्षित स्वरातले होते. म्हणूनच ते अनेकांना खुपले. बालगायकाच्या कौतुकात मतभेदाला जागा नव्हती. स्वरातील अनपेक्षित मात्र श्रोत्याच्या अपेक्षेलाच आव्हान देते, आणि त्यामुळे त्याची आठवण नेहमी सुखद असतेच असे नाही.

मग आठवणींचे गद्य कसे असावे? 'श्रोते मंत्रमुग्ध झाले', 'अंगावर शहारे आले', 'स्वर्गीय आनंद मिळाला' या वाक्यांनी श्रोत्याची अवस्था कळते, स्वराची नाही. याच्या उलट टोकाला केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने केलेले गायकांचे परीक्षण आहे, आणि वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' (१९६१) आहे. पहिल्यात आवाजाच्या लगावाचे सूक्ष्म निरीक्षण आहे; दुसऱ्यात स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या आधारे घराण्यांची मांडणी आहे. पण विश्लेषणाने नियम हाती लागतो, एका रात्रीचा क्षण निसटतो. तो क्षण धरण्याचे काम आठवणीचेच आहे. त्यासाठी लेखकाने आधी अपेक्षा शब्दांत उभी केली पाहिजे. राग कोणता होता, लय कशी होती, गायक त्या क्षणापर्यंत कोठे आला होता, हे सांगितल्यावरच तो कोठे वळला हे सांगण्यास अर्थ येतो. विनोदी कथेचा शेवट आरंभाशिवाय सांगता येत नाही, तसेच हे आहे.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. अल्लादियाखाँ किंवा भास्करबुवा बखले यांच्या मैफली आता ऐकता येत नाहीत. ज्यांच्या मुद्रिका निघाल्या त्या पिढीच्याही वाट्याला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आल्या. त्यांत तासाभराच्या ख्यालाचा विस्तार मावत नाही. तेव्हा गेलेले संगीत बव्हंशी शब्दांतच उरले आहे. ते शब्द जर गायकाच्या आजाराचे, लहरीचे आणि बिदागीचेच असतील, तर आपण संगीत गमावून आख्यायिका राखली असे होईल. आज ध्वनिमुद्रणाची सोय विपुल असली, तरी धोका टळलेला नाही; कारण अशाच कथांवर पोसलेला श्रोता मैफलीत येतो तो काही तरी घडण्याची वाट पाहत, आणि षड्जाकडे येणारी एक अनवट वाट त्याच्या कानाशेजारून निघून जाते. त्याला ती वाट दाखवून देणे हे मैफलीच्या आठवणी लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. आणि या लेखनाचे साहित्य म्हणून मोलही, इतर गुणांच्या आधी, यावरच ठरले पाहिजे.