पिर्सिगच्या सामानाची यादी

रॉबर्ट पिर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक आपल्याकडच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांमधून ज्या भक्तिभावाने फिरतं, त्याचा मला आता थोडा कंटाळा आला आहे. 'क्वालिटी'वरच्या प्रकरणांत पानोपानी पेन्सिलीच्या रेघा असतात. चौथ्या प्रकरणाची सुरुवात मात्र कोरी. तिथे तत्त्वज्ञान नाही, प्रवासाला घेतलेल्या सामानाची यादी आहे, आणि यादी वाचायची कशाला, असा आपला समज असतो. मला विचाराल तर हा लेखक आपल्याला सर्वांत जास्त दिसतो तो त्या यादीत.

1968 च्या उन्हाळ्यात पिर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला निघाला. सोबत जॉन आणि सिल्विया हे मित्र जोडपं, त्यांची बीएमडब्ल्यू. पिर्सिगची स्वतःची होंडा सुपर हॉक, जिचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही, हल्ली स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पिर्सिग पोटापाण्यासाठी कंप्युटरची मॅन्युअल्स लिहायचा. हे कळलं की यादीचा सूर लगेच ओळखीचा वाटतो. ती सकाळी लवकर, बाकीचे झोपलेले असताना, नवख्यांना उपयोग व्हावा म्हणून सांगितलेली आहे. चार भाग: कपडे, वैयक्तिक वस्तू, स्वयंपाक आणि मुक्कामाचं सामान, मोटरसायकलचं सामान.

चौथा भाग वाचताना हात शिवशिवतात. गाडीसोबत आलेले पाने पुरेसे नाहीत म्हणून मोठा ॲडजस्टेबल पाना, हातोडी, छन्नी, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचं सामान, सायकलचा पंप, चेनसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा स्प्रे, फीलर गेज, टेस्ट लॅम्प. सुटे भाग वेगळे: प्लग, ॲक्सिलरेटर, क्लच आणि ब्रेकच्या केबल, पॉइंट, फ्यूज, पुढचे-मागचे बल्ब, चेनची जोडकडी, बांधायची तार. वर एक जुनी, जवळजवळ संपलेली चेन, चालू चेन तुटली तर दुकानापर्यंत पोचवण्यापुरती. हा माणूस प्रत्येक बिघाड आधी मनात घडवून बघतो आणि मग त्यावरचा उपाय पिशवीत टाकतो. आपल्याकडे लडाखला जाणारे बुलेटवाले जुन्या क्लच केबलला लगटून नवी केबल आधीच बांधून ठेवतात, तुटली की फक्त टोकं बदलायची. ते याच जातीचं शहाणपण. तांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं होती. ती वाचलेल्या माणसाला यादी म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता हीच यादी ख्रिसच्या बाजूने वाचून बघा. मुलाने स्वतः उचलून घेतलेली एकही वस्तू तिच्यात सापडत नाही. पुस्तकं तीन: या गाडीचं शॉप मॅन्युअल, बिघाड शोधण्याचं एक सर्वसाधारण पुस्तक, आणि थोरोचं 'वॉल्डन'. म्हणजे गाडीला दोन आणि मुलाला एक, तेही एकोणिसाव्या शतकातलं. बाप एखाद-दुसरं वाक्य वाचणार, मुलगा प्रश्नांची सरबत्ती करणार, बाप उत्तरं देणार, मग पुढचं वाक्य. पिर्सिग हे मोठ्या हौसेने सांगतो, आणि ती हौस खरीही आहे. पण या गप्पा कशावर व्हायच्या, हेसुद्धा घरून निघतानाच पिशवीत भरलेलं आहे.

औषधांत डोकेदुखीच्या गोळ्या आहेत. पुढच्याच प्रकरणात, पहिल्या धड मुक्कामाच्या रात्री, ख्रिसचं पोट दुखतं. तो जेवत नाही, चिडतो, अंधारात एकटाच निघून जातो. मग बाप मित्रांना सांगतो की डॉक्टरांच्या मते ही मानसिक आजाराची सुरुवातीची लक्षणं आहेत, आणि त्याने मात्र मुलाची डॉक्टरांकडची भेट रद्द केली. जॉन आणि सिल्विया काय बोलणार? फीलर गेजने पॉइंटमधलं अंतर मोजता येतं, इथे काय मोजायचं? निवेदक या रात्रीबद्दल फार बोलत नाही, लवकरच भुतांवर आणि तर्कावर घसरतो. व्याख्यान हेही त्याच्या सामानातलंच एक हत्यार आहे, असं मला वाटत राहतं.

या पुस्तकावरचा माझा आक्षेप हाच, आणि गंमत म्हणजे त्यावरचं उत्तरही पुस्तकातच आहे. बोझमनजवळच्या डोंगरावर बाप-लेक गाडी खाली ठेवून चालत चढतात. यादीतल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या दोन पाठपिशव्या इथे कामाला येतात. ख्रिस रडकुंडीला येतो. मग बाप आपली पिशवी घेऊन थोडा वर जातो, ती ठेवतो, परत खाली येतो आणि मुलाची पिशवी नेतो. तेवढाच डोंगर पुन्हा पुन्हा चढायचा. मला 'क्वालिटी'वरच्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा ही ये-जा जास्त पटते. इथे सामानाला पहिल्यांदा वजन येतं, आणि ते कोणी उचलायचं हा प्रश्नही.

हे लिहायला बसण्याआधी मी मोटरसायकल कॅम्पिंगच्या सामानाचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले. गादीवर सगळं मांडलेलं, वरून कॅमेरा. तंबूचं वजन ग्रॅममध्ये, स्टोव्हची किंमत, पॅनिअर किती लिटरचे. उपयोगी असतात, नाही असं नाही. पण मांडणाऱ्याला कशाची भीती वाटते, ते कळत नाही. पिर्सिग निदान यादीच्या शेवटी बुटाच्या नाड्या न घेतल्याची नोंद करून स्वतःवर हसतो. 'लाँग वे राउंड' ही 2004 ची मालिका त्या मानाने प्रामाणिक आहे. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेले, अवजड बीएमडब्ल्यू, त्यावर ॲल्युमिनियमच्या पेट्या, मदतीला वेगळ्या गाड्या. मंगोलियात त्या वजनाने त्यांचा पिट्टा पाडला. कॅमेरामनची बीएमडब्ल्यू ट्रकवर चढवावी लागली आणि त्याने एक साधी रशियन मोटरसायकल विकत घेऊन तिच्यावर पुढचा रस्ता काढला. तयारीचं हसं झालेलं त्यांनी कापून टाकलं नाही, याचं श्रेय द्यायला हवं. तरी ती मालिका मैत्रीची. दोघंही आपापल्या गाडीवर, दोघांनाही पुढचा रस्ता दिसतो.

मागे बसणाऱ्याला काय दिसतं, हा प्रश्न आपल्याला खरं तर सहज पडायला हवा. आपल्याकडे लहान मूल स्कूटरवर पुढे उभं असतं, हँडलच्या मध्ये, तोंडावर वारा घेत. गुडघे लागायला लागले की एक दिवस त्याला मागे बसवतात. त्या दिवसापासून रस्ता जाऊन समोर बापाच्या शर्टाची शिवण येते. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी हे बढती म्हणून स्वीकारलं. मला ती पदावनती वाटली होती.

ख्रिसने मिनेसोटापासून पॅसिफिकपर्यंत बापाची पाठ पाहिली. हे तो बोलून दाखवतो शेवटच्या प्रकरणात, आणि तेही केव्हा, तर दोघांनी हेल्मेट काढून ठेवल्यावर. यादीतली एक वस्तू अंगावरून उतरते आणि बोलणं ऐकू येऊ लागतं. मग तो पायदांड्यांवर उभा राहतो, बापाच्या खांद्यावरून समोर बघतो. पूर्ण पुस्तकात बिघाड शोधणाऱ्या या माणसाला हा एवढा मोठा बिघाड दिसला नव्हता, कारण तो त्याच्या मागे बसलेला होता. (हेल्मेटशिवाय गाडी चालवण्याचं समर्थन मी करत नाही, हे 1968 चं कॅलिफोर्निया आहे.)

पुस्तक 1974 मध्ये आलं, 121 प्रकाशकांच्या नकारांनंतर. 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला, आणि नंतरच्या आवृत्त्यांना पिर्सिगने उपसंहार जोडला. उपसंहार वाचून झाल्यावर मी चौथ्या प्रकरणाकडे परत गेलो. या वेळी हत्यारं आणि सुटे भाग वाचले नाहीत, मुक्कामाचं सामान वाचलं. स्लीपिंग बॅगा दोन. पोंचो दोन. जेवणाचे लष्करी डबे दोन. पाठपिशव्या दोन. जमिनीवर अंथरायचं कापड एक, कारण दोन्ही पोंचो त्याला जोडले की दोघांपुरता तंबू होतो.