सच्चिदानंद आणि त्रैक्य

डनच्या धार्मिक सुनीतांपैकीं एक त्रिव्यक्तिरूप ईश्वराला उद्देशून लिहिलेलें आहे. तें शिकवितांना ‘हें ख्रिस्ती लोकांचें त्रैक्य’ एवढी टीप देऊन आम्ही कित्येक वर्षें पुढें सरकत आलों. वर्गांतून शंका निघालीच, तर ‘आपले दत्तात्रेय म्हणा’ हें उत्तर तयार असे. तें उत्तर चुकीचें होतें, असें आज आम्हांस कबूल केलें पाहिजे.

ब्रह्मा, विष्णु व महेश यांची वांटणी उत्पत्ति, स्थिति व लय या कार्यांवरून केली जाते. ख्रिस्ती मतांत पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचें तत्त्व एक, आणि जगाच्या बाबतींतलें कार्यहि एकच. पिता जनक, पुत्र जनित व आत्मा निर्गत. भेद काय तो या संबंधाचा. ३२५ सालच्या निकेयाच्या आणि ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदांनीं हें कोडें सोडविलें नाहीं. तीन देव मानणें आणि एकाच देवाचे तीन मुखवटे मानणें, या दोन्ही आडवाटा त्यांनीं बंद केल्या.

हें गूढ आपल्या परिभाषेंत उतरविण्याचा धाडसी प्रयत्न म्हणजे ब्रह्मबांधव उपाध्याय यांचें ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हें संस्कृत स्तोत्र. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र व आनंद म्हणजे आत्मा, ही जुळणी केशवचंद्र सेन यांनीं १८८२ सालच्या व्याख्यानांत मांडली होती. १८९१ सालीं ख्रिस्ती झालेल्या उपाध्यायांनीं तिला १८९८ सालीं स्तोत्राचें रूप दिलें.

या जुळणीवर मोठा आक्षेप वेदान्त्याकडूनच येतो. अद्वैतांत सत्, चित् व आनंद या तीन व्यक्ति नव्हेत, वेगवेगळे गुणहि नव्हेत. एकाच अखंड ब्रह्माचा तो निर्देश आहे. तेथें चित् सत्‌ला ‘तूं’ म्हणत नाहीं. त्रैक्याचा तर सारा प्राण या ‘तूं’ म्हणण्यांत आहे.

उपाध्यायांस हा धोका दिसला असावा. कारण आरंभीं अखंड परतत्त्वाला वंदन करून ते तिन्ही व्यक्तींना स्वतंत्र कडवें देतात. पुत्राला पित्यापासून जन्मलेला व पित्याच्याच रूपाचा म्हणतात. आणि आनंदाचा उगम सत् व चित् यांच्या मीलनांत दाखवितात. ही शेवटची कल्पना रोमन पंथाची आहे. आत्मा पिता व पुत्र या दोघांपासून निघतो, हें पौर्वात्य चर्चला मान्य नाहीं. म्हणजे शब्द उपनिषदांचे असले, तरी वाक्यरचना ख्रिस्ती शास्त्राची आहे. वेदान्ताची शिस्त यांत ढिली पडली, हें खरें. परंतु शब्दांत नवा अर्थ भरावयाचा तर थोडी मोडतोड अपरिहार्य असते.

स्तोत्राचें यश आमच्या मतें निराळ्याच ठिकाणीं आहे. ईश्वर प्रेमस्वरूप आहे असें म्हटलें, तर सृष्टि नव्हती तेव्हां त्यानें प्रेम कोणावर केलें? केवळ एकाकी ईश्वराला प्रेमासाठीं सृष्टीचें मिंधें व्हावें लागेल. प्रेम करणारा, प्रेमाचा विषय आणि खुद्द प्रेम, हें त्रिक सेंट ऑगस्टिननें पंधरा भागांच्या आपल्या ग्रंथांत पूर्वींच सुचविलें होतें. आनंद हा ईश्वराच्या अंतरंगांतच जन्मतो, असें गाऊन उपाध्यायांनीं तीच गोष्ट भारतीय कानाला परिचित केली.

गूढ यानें उकललें काय? नाहीं. परंतु गणिताचें कोडें आणि उपासनेचें गूढ यांतील अंतर या स्तोत्रानें आम्हांस दाखविलें. यापुढें वर्गांत ती जुनी टीप देणें आमच्यानें होणार नाहीं.