कल्पनाशक्ती नसलेला रोबो आणि बारा बाजूंचा फासा

विडंबनाची साधी कसोटी आहे. मूळ कलाकृती माहीत नसताना ते कितपत उभं राहतं? रविकिरण मंडळाच्या कविता न वाचलेले लोकही अत्र्यांची 'झेंडूची फुले' वाचून हसतात. पुस्तक १९२५चं आहे, आणि ज्यांची थट्टा केली त्यांतल्या कित्येक कवितांपेक्षा ते जास्त टिकलं.

हीच कसोटी 'फ्यूचुरामा'च्या 'बेंडर्स गेम'ला लावली तर निकाल निम्मा-निम्मा लागतो. फॉक्सनं २००३मध्ये मालिका थांबवल्यावर थेट डीव्हीडीवर जे चार चित्रपट आले, त्यांतला हा तिसरा, नोव्हेंबर २००८चा. नाव ऑर्सन स्कॉट कार्डच्या 'एंडर्स गेम'वरून, पण थट्टा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची.

पूर्वार्ध झकास आहे. अवकाशयानांचं इंधन म्हणजे डार्क मॅटर. ते महागलंय आणि त्याचा सगळा धंदा 'मॉम' नावाच्या उद्योगपती बाईच्या मुठीत आहे. जुलै २००८मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं, त्यामुळे हा टोला कुणाला, हे सांगावं लागत नाही. तिची मक्तेदारी मोडू शकणारा स्फटिक इकडे पोरांच्या खेळात बारा बाजूंचा फासा म्हणून घरंगळतोय.

त्या खेळात बेंडरला शिरायचंय. तो तुळया वाकवण्यासाठी बनवलेला रोबो. कल्पना करणं त्याला जमतच नाही. मग एकदा जमतं, आणि थांबवता येत नाही. स्वतःला सरदार समजणाऱ्या बेंडरची रवानगी वेड्या रोबोंच्या इस्पितळात होते. मला चित्रपटातली सगळ्यात खरी गोष्ट हीच वाटते. हडपसरच्या आयटी पार्कात 'चौकटीबाहेरचा विचार करा' असं शिकवणारी कार्यशाळा होते, तिची वेळ कॅलेंडरवर ठरलेली असते, आणि ती संपली की सगळे पुन्हा आपापल्या तिकिटांकडे वळतात. कल्पनाशक्ती हवी, पण पाच वाजता बंद होणारी. बेंडरची बंद होत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

मग बेंडरच्या कल्पनेतून आणि डार्क मॅटरमधून कॉर्नवुड नावाचं जग उभं राहतं, सगळे तिथे जाऊन पडतात आणि चित्रपट घसरतो. फ्राय 'फ्रायडो' होतो, लीला सेंटॉर होते, मॉमची 'मोमॉन' होते. जॅक्सनचे तीन चित्रपट पाहिलेल्याला प्रत्येक प्रसंग ओळखता येतो, पण ओळख पटल्याचं हसू दोन सेकंदांचं असतं. तेलाची गोष्ट मागे पडते. बेंडरचं वेड ही आता शोकांतिका उरत नाही, सोय होते.

तरी या भागात एक कल्पना अस्सल आहे. अंगठीच्या जागी इथे फासा आहे. टॉल्किनची अंगठी माणसाच्या लोभाला हाक मारते. फासा कुणालाच ओळखत नाही. महाभारत वाचलेल्यांना फाशावर राज्य जाणं नवीन नाही, पण शकुनीच्या फाशामागे डाव होता. गॅरी गायगॅक्सच्या खेळात फासा खरोखर फासाच असतो: शूराचा वार चुकतो, भित्र्याचा लागतो. वीरकथेची यापेक्षा नेमकी थट्टा कोणती? तो फासा जिथे घडला, तिथल्याच वितळत्या प्लास्टिकमध्ये टाकायचा असतो, आणि त्या जागेला गायगॅक्सचंच नाव दिलंय. तो मार्च २००८मध्ये वारला. चित्रपट त्याला अर्पण केला आहे.

म्हणूनच हळहळ वाटते. अत्र्यांनी रविकिरणच्या तऱ्हा उचलल्या आणि त्यांत स्वतःचा मजकूर भरला. 'बेंडर्स गेम'कडे स्वतःचा मजकूर होता: महागलेलं इंधन, वेडा ठरवलेला कामगार, कुणाचीच भीड न ठेवणारा फासा. कॉर्नवुडमध्ये पोचल्यावर तो बाजूला ठेवून चित्रपट दुसऱ्यांची नावं वाकवत बसला. वाकवणं हे बेंडरचं मूळ काम. त्यातून सुटण्यासाठीच तर तो खेळायला बसला होता.