सेक्टर क्रमांक ६३

मालवणच्या बाजारपेठेत एखाद्या डीटीपीच्या दुकानात विंडोज एक्सपीवर चालणारा कॉम्प्युटर दिसला की नवखा माणूस लगेच म्हणतो, 'टाका हा भंगारात.' पण त्याच्या पोटात कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका, दशावतारी नाटकांची हँडबिलं, आंगणेवाडीच्या जत्रेचे फलक असतात. सगळं पेजमेकरमध्ये, श्री-लिपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेलं. ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर हा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटतो. शिवाय सॉफ्टवेअरचं लॉक बसतं प्रिंटरच्या जुन्या पोर्टात, आणि ते पोर्ट नव्या यंत्राला बहुधा नसतंच. तेव्हा यंत्र तेच ठेवायचं आणि थकलेली हार्ड डिस्क तेवढी बदलायची. या कामात जो रस आहे तो नवा कॉम्प्युटर विकत घेण्यात नाही.

जुनी डिस्क हातात घेऊन नीट पाहावी. तिच्यावर एक बारीक भोक असतं आणि ते झाकू नका अशी सूचना. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर हवेच्या थरावर तरंगतं, म्हणून आतल्या हवेचा दाब बाहेरच्याशी जुळता ठेवावा लागतो. भोकामागच्या गाळणीत धूळ अडते, पण किनाऱ्यावरचा दमटपणा पुरता अडत नाही.

या यंत्राला लागणाऱ्या आयडीई जोडणीच्या नव्या हार्ड डिस्क आता कोणी बनवत नाही. म्हणून साटा एसएसडी आणि मधे एक कन्व्हर्टर कार्ड. इथे जुना बायोस आडवा येतो. २८ बिटांचा पत्ता आणि ५१२ बाइटांचा सेक्टर, म्हणजे १३७ जीबीला कुंपण. १२० जीबीची एसएसडी त्याच्या आत नेमकी मावते. त्याही आधीचे काही बायोस ३३.८ जीबीच्या पुढे गोठून जायचे. त्यांच्यासाठी मोठ्या डिस्कवर एक जंपर असे, तो लावला की डिस्क स्वतःला ३२ जीबीची म्हणवून घेई. कोकणातल्या जुन्या घराच्या बुटक्या दारातून उंच पाहुणा वाकून आत यावा, तशी.

खरी नजाकत मात्र क्लोनिंगमध्ये आहे. एक्सपीचं पहिलं पार्टिशन सेक्टर क्रमांक ६३ पासून सुरू होतं, कारण जुन्या हिशेबात एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरत आणि पहिला ट्रॅक राखून ठेवत. एसएसडीत फिरती तबकडीच नाही, मग ट्रॅक कुठला? तरी जसंच्या तसं उतरवलं तर तो आकडा सोबत येतो, आणि ४ केबीचा प्रत्येक तुकडा एसएसडीच्या दोन कप्प्यांवर तिरपा पडून एका लिखाणाची दोन होतात. जाणता कारागीर पार्टिशन २०४८ वर सरकवतो आणि बूट सेक्टरमध्ये नोंदवलेला ६३ हा आकडाही न विसरता बदलतो. तो राहिला तर एक्सपी उठतच नाही. एवढ्याशा दुरुस्तीत मला या कामाचं सगळं सौंदर्य दिसतं: बाकी कोट्यवधी सेक्टरमधल्या मजकुराला धक्काही लागत नाही.

वेग वाढतो तोही पाहण्यासारखा. ७२०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हेड जागेवर पोचल्यावरही सरासरी अर्धी फेरी वाट पाहणं आलंच. शेकडो फॉन्टांच्या बारीक फाइली उघडताना ही वाट साचत जाते. एसएसडीत ती नाहीच, म्हणून जुन्या केबलची धाव तोकडी असूनही पेजमेकर झटकन उघडतो.

एक्सपीला ट्रिम ठाऊक नाही. पुसलेली जागा कोणती हे एसएसडीला कोणी सांगत नाही. म्हणून तिच्या आतल्या साफसफाईला जागा उरावी यासाठी १२० पैकी २० जीबी पहिल्यापासून पार्टिशनबाहेर रिकामे सोडावेत. गिऱ्हाइकाने ते वाया गेले म्हणून कितीही कुरकुर केली तरी सोडावेतच.