पट्टीखालची झडप

जुनी पेटी दुरुस्तीला येते तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: सूर उतरलेत. पेटी लोणी-धामणीकडच्या, आंबेगावच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या भजनी मंडळाची असो की नारायणगावच्या तमाशा फडाबरोबर ट्रकमधून जत्रा करत फिरलेली, बोलणं तेच. मुरलेला कारागीर मात्र सुरांना लगेच हात लावत नाही. झाकण काढून तो आधी प्रत्येक पट्टी सावकाश दाबतो, सोडतो, बाजूला हलवून बघतो. कानाने सांगितलेला दोष तो बोटाने तपासतो, आणि या कामाची खरी गोडी मला इथूनच लागते.

पेटीची यंत्रणा दिसायला अगदी साधी. उभ्या पियानोत पट्टीपासून तारेपर्यंत तरफा, हातोडी, तार दाबून धरणारी गादी आणि त्यांना जोडणारे कितीतरी सांधे असतात. पॅरिसच्या दबाँने 1842 मध्ये पेटंट घेतलेल्या हार्मोनियमची जी हातपेटी आपल्याकडे रुळली, तिच्यात एकच तरफ असते. पट्टीचं पुढचं टोक खाली गेलं की मागचं वर येतं. मागच्या टोकाखाली लाकूड, त्याखाली फेल्ट, त्याखाली मऊ चामडं अशी झडप असते. ती उचलली की भात्याने कोंडलेली हवा सुराच्या पितळी जिभेला थरथरवत वर सुटते. बोट उचललं की स्प्रिंग झडप परत बसवते. एवढंच. पण भाग इतके थोडे असल्यामुळे एकाची ढिलाई दुसऱ्याआड लपत नाही.

चामड्याकडे बघा. वर्षानुवर्षं एकाच भोकावर टेकून त्यावर त्या भोकाच्या कडांचा ठसा उमटतो, आणि जाणता माणूस तो ठसा वाचतो. चारही बाजू सारख्या खोल उमटल्या असतील तर झडप सपाट बसत होती. एक बाजू ठळक आणि दुसरी पुसट असेल तर पट्टी तिरकी बसते आणि पुसट बाजूने हवा निसटते. मग पट्टी न दाबताच बारीक कण्हणं ऐकू येतं, वाजवणारा भाता जोराने मारतो आणि दोष हाताच्या ताकदीवर ढकलतो. इथे घाईचा माणूस स्प्रिंग ताठ करून मोकळा होतो. गळती थांबते, पण पट्टी जड होते. चांगला कारागीर कडक झालेलं चामडं सोलून काढतो, उंदराने कुरतडलेलं फेल्टही बदलतो आणि नवं चामडं सरसाचा अगदी पातळ हात देऊन बसवतो. सरस जास्त झाला तर फेल्टमध्ये मुरून त्याचा लुसलुशीतपणा घालवतो. झडप टेकताना टक्‌ असा आवाज आला नाही की समजावं, त्या पातळ हातात किती जाण होती.

झीज सगळीकडे सारखी नसते. बारा-बारा तासांच्या सप्ताहात वाजलेल्या पेटीच्या काही मोजक्याच पट्ट्या दमलेल्या असतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या मंडळाच्या पेटीत काळी चार झिजते, आणि तिच्याइतकीच वरची काळी दोन, कारण तो तिचा पंचम. वरच्या टोकाच्या पट्ट्या जवळपास कोऱ्या. गावाचा गळा कुठे बसतो हे पट्ट्यांवरून कळतं, आणि ते कळणारा माणूस 42 पट्ट्यांना एकच औषध देत नाही.

पट्टीला सरळ ठेवणाऱ्या खिळीचं भोक लांबट झालं की पट्टी डुलते, शेजारणीला घासते, पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकून बसते. पियानोतही हेच दुखणं: सांध्यातल्या खिळीभोवतीचं फेल्ट झिजतं आणि हातोडी तारेवर चुकीच्या जागी पडते. खिळी वाकवून डुलणं दाबता येतं, पण मग पट्टी एका अंगाने घासत राहते. भोकाला आतून फेल्टचं नाजूक अस्तर लावणं हे वेळखाऊ काम, पण त्यानंतर पट्टी न डुलता, न घासता सरळ खाली जाते. आपली ओळख बदलली नाही असंच बोटाला वाटतं.

स्प्रिंगांचा भाग मला सर्वांत रसिकतेचा वाटतो. पियानोवाले पट्टीवर वजनं ठेवून तिचा जडपणा मोजतात, साधारण 50 ग्रॅमच्या आसपास. पेटीवाला बहुधा बोटावरच विसंबतो. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून तो कोणती आधी उसळते ते बघतो आणि चिमट्याने स्प्रिंगच्या तारेला किंचित बाक देतो. गोविंदराव टेंबे किंवा तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांच्या हातून पेटी गात असे, त्या गाण्यात पट्टी किती झटकन परत येते याचा मोठा वाटा असतो. पट्टी उशिरा उठली तर मागचा स्वर पुढच्यावर सांडतो आणि तान चिकट होते. सगळ्या पट्ट्या एका दमाने उठू लागल्या की तोच हात मोकळा धावतो.

आणि शेवटी सूर. झडप पुरेशी उचलत नसली की हवा कोंडते, स्वर दबका आणि थोडा उतरलेला लागतो. म्हणून उतरलेले वाटणारे कित्येक सूर झडप नीट उघडू लागल्यावर आपोआप जागेवर येतात. उरलेल्यांनाच पातं लागतं. जिभेच्या टोकाशी खरवडलं तर स्वर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो, आणि खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. पट्ट्या आधी आणि सूर नंतर हा क्रम पाळणाऱ्याच्या पाट्यावर पितळेचा भुगा फारच थोडा सापडतो. जुन्या पेटीच्या सुरांचा भरदारपणा जिभेच्या त्या मूळ जाडीत असतो, आणि या माणसाने तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवलेला असतो.