वीस एक की एकवीस?

2019 च्या जूनमध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले आणि 21 ला ‘वीस एक’ म्हणण्याची थट्टा विधानसभेपर्यंत पोचली. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, असे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी सांगितले. तरी वाद मराठीच्या भवितव्याभोवतीच फिरला. मुलाला संख्या कशी उमगते, हा प्रश्न मागे पडला.

बदलामागचा विचार आम्हांला पटतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि दशकाच्या घरात लिहायचे असतात 2. नव्या पद्धतीत उच्चाराचा व लेखनाचा क्रम एकच राहतो. शिवाय एक ते वीस ही नावे आणि तीस ते नव्वद ही सात, एवढ्या 27 शब्दांवर 99 पर्यंत जाता येते.

याचा सर्वांत जास्त लाभ कोणाला? आमच्या मते, नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना. शाळेतली मराठी त्यांना नवीनच असते. त्यात 99 वेगवेगळी नावे पाठ करणे हे वेगळेच ओझे. त्या वादात ही मुले आम्हांला दिसली नाहीत.

पद्धतीत उणिवाही आहेत. बोलताना ‘वीसेक’ म्हणजे सुमारे वीस. ‘वीस एक’ त्याच्या फार जवळ जाते. बाजारात आणि एस.टी.त ‘एकवीस’च ऐकू येणार, म्हणून तेही शिकवावे लागेल. आणि मूल जेथे प्रथम अडखळते, ती अकरा ते एकोणीस ही नावे तशीच राहिली.

मुख्य म्हणजे, नाव म्हणजे संख्या नव्हे. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये दाखवले की, अंक ओळीने म्हणणारी लहान मुलेही ‘तीन दे’ म्हटल्यावर वस्तू मूठभर उचलून देतात. शिक्षकांनी दुसरीच्या वर्गात ‘तेवीस काड्या आण’ असे सांगून पाहावे. मग त्याच काड्यांत दहाच्या जुड्या किती होतील, सुट्या किती उरतील, हे न मोजता विचारावे. दोन जुड्या, तीन सुट्या असे जे मूल सांगेल, त्याला कोणतेही नाव चालेल. ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी नाव बदलून भागणार नाही. काड्या त्याच्या हातात द्याव्या लागतील.