साहित्यात न उतरलेले सैनिकाचे घर

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून चालत आलेल्या या दिवशी निधी जमा होतो, भाषणे होतात. ती ऐकताना आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो. आपल्या भाषेत सैनिकाविषयी इतके लिहिले-गाइले गेले, मग सैनिकाचे घर त्यात कोठे आहे? पोवाड्याने रणांगण पाहिले, समरगीताने सीमा पाहिली. त्यांत पत्नी दिसते ती ओवाळणारी, आई दिसते ती डोळे पुसून मान उंचावणारी. निरोपानंतर चूल कशी पेटली, हे पाहायला कवी थांबत नाही.

वऱ्हाडी लेखकाला घर पाहता येत नाही, असे मुळीच नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आठवावी. नवरा महादेव कुष्ठरोगाने घेरला जातो आणि कौतिक एकटी संसार ओढीत राहते. शेळके तिला वीरांगना करीत नाहीत. पैशापैशाची ओढाताण अस्सल वऱ्हाडी बोलीत येते, आणि म्हणूनच शेवटी तिचे मन मोडते तेव्हा ते वाचकाला सोसवत नाही.

सैनिकाच्या घराला अशी कौतिक लाभलेली नाही. कॅप्टन विनायक गोरे यांना १९९५ मध्ये वीरमरण आले. त्यानंतर त्यांच्या मातोश्री अनुराधा गोरे यांनी ‘वारस होऊ अभिमन्यूचे’सारखे लेखन केले. आपल्या दुःखाला कामाला लावणारे हे लेखन आदरणीयच. पण त्याचा रोख तरुण पिढीकडे आहे. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून चाळिशीच्या आत गावी परतणारा साधा शिपाई, बँकेच्या दारावरील पहाऱ्यासाठी त्याने चढविलेला दुसरा गणवेश, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली विधवा, यांचा लेखक अजून यायचा आहे.

विषय थोडका आहे काय? शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. मात्र दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केल्यास चालू राही. ही अट २०१७ मध्ये निघाली. सरकारी आदेशाच्या एका ओळीत सून, दीर, सासू, शेत आणि पदक यांची केवढी कादंबरी दडली होती! दिराशी लग्न करायचे ठरविले कोणी, तिने की भत्त्याने? कायद्याने हा प्रश्न मिटविला, साहित्याने तो विचारलाच नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीचे तुकडोजी महाराज १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने गाइले. त्यांच्या ‘ग्रामगीते’चा विषय मात्र गाव. सीमा आणि गाव ही दोन्ही टोके त्यांना एकत्र दिसत होती. पुढच्या वक्त्यांनी सीमेवरचा प्रसंग तेवढा उचलला. जवान ज्या गावी परततो, ते गाव मागेच राहिले.

आमच्या धर्मग्रामातील लिहित्या हातांना एक सुचवावेसे वाटते. कथेचे पहिले पान सीमेवर न उघडता बँकेच्या रांगेत उघडावे. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्याच महिन्यात निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही, आणि मागचा माणूस घाई करतो.